प्रबंध दोन वर्षांचा, बियाणे दहा वर्षांचे



कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या अंकात गव्हावर अग्रलेख कशाला, असे पहिल्याच ओळीला कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे गहू म्हणजे विहिरीला पाणी असेल तर एक-दोन एकर, नसेल तर ओलीवरचा बन्सी, आणि तेवढीही ओल नसेल तर रेशनचा. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे या देशात आले आणि पंजाब-हरियाणाची कोठारे भरली. ती क्रांती पाण्याच्या मागे मागे गेली. कोरडवाहू शिवारात तिने पाऊल टाकले नाही. ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे.

तरीही गव्हाबद्दल लिहितो आहे. नवे बियाणे कसे तयार होते, कोणाच्या हातून होते आणि त्यात किती वर्षे जातात, याचा सगळ्यात नीट लिहून ठेवलेला हिशेब गव्हाचा आहे. त्या खातेवहीची पाने उलटली की मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या नावाआधी एक वेगळेच माणूस भेटते. पंचविशीच्या आतबाहेरचा, हातात चिमटा आणि खिशात कागदी पाकिटे घेतलेला, मार्गदर्शकाचे ऐकणारा, शिष्यवृत्तीवर दिवस काढणारा विद्यार्थी. एम.एस्सी.चा, नाही तर पीएच.डी.चा. त्याचा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि तिथेच राहतो, असे आपण समजतो. पुष्कळदा तसेच होते. पण कधीकधी त्या कपाटातून शंभर वर्षे पुरणारे बियाणे निघते. ते केव्हा निघते आणि केव्हा निघत नाही, हा आजचा विषय आहे.

आधी कामाचे स्वरूप समजून घेऊ. ज्यांनी संकरित कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही. संध्याकाळी कळीतील पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे फूल आणून फिरवायचे, दोरा बांधायचा. आपल्या बाया हे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. १९७० साली सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला, तेव्हापासून या देशात संकरित कपाशीचे बियाणे असे माणसाच्या बोटांनीच बनते. गव्हाचे काम असेच, फक्त फूल फार बारीक. एका फुलात तीन पुंकेसर, तेही तुसाच्या आत लपलेले. ओंबी पोटरीतून बाहेर येत असताना ते चिमट्याने एकेक काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची, दोन-चार दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून टाकायचा आणि चिठ्ठी बांधायची. एका ओंबीला वीस-तीस दाणे मिळाले तर दिवस चांगला गेला म्हणायचे.

खरे काम इथून पुढे सुरू होते. पहिल्या पिढीत सगळी झाडे सारखी येतात. दुसऱ्या पिढीत सगळे फुटते. संकरित कपाशीची सरकी दुसऱ्या वर्षी पेरली की काय होते, ते तुम्हाला माहीत आहे. एक झाड कमरेला, एक छातीला, एकाला बोंडे, एकाला नुसता पाला. पैदासकार या फुटलेल्या गर्दीतून निवड करतो, निवडलेले पुन्हा पेरतो, पुन्हा निवडतो. सहाव्या-सातव्या पिढीला वाण एकसारखे होते. त्यानंतर दोन-तीन वर्षे वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या. गव्हाचा हंगाम वर्षाला एक. म्हणजे संकर केल्यापासून शेतकऱ्याच्या हाती पिशवी येईपर्यंत दहा-बारा वर्षे कुठेच जात नाहीत.

आता विद्यार्थ्याकडे किती वर्षे असतात? एम.एस्सी. दोन वर्षांची. पहिल्या वर्षाचा मोठा भाग वर्गात आणि परीक्षेत जातो. प्रयोगाला एक रब्बी, फार तर दोन. पीएच.डी.ला आणखी एक-दोन हंगाम. म्हणजे कोणताही विद्यार्थी वाण तयार करू शकत नाही. तो साखळीतील एक कडी करतो. त्याच्या आधी कोणीतरी बियाणे जमवून ठेवलेले असावे लागते आणि त्याच्यानंतर कोणीतरी त्याची पाकिटे उचलावी लागतात. दोन्ही बाजूंनी कडी जुळली तर काम होते. नाही तर पदवी मिळते, फोटो निघतो आणि पाकिटांना टोके लागतात.

एका पोराची हकीकत सांगतो, ज्याच्यामागे पाकिटे उचलायला कोणीच नव्हते आणि ती त्याने स्वतःच उचलली.

अमेरिकेत साउथ डकोटा नावाचे राज्य आहे. कोरडे, वाऱ्याचे, गव्हाचे. तिथे वेबस्टर गावाजवळ एडगर मॅकफॅडन हा शेतकऱ्याचा मुलगा वाढला. १९०४ साली त्याच्या लहानपणी गव्हाच्या खोडावर काळा तांबेरा आला. दाणा भरायच्या आधी खोड फुटून काळे-तांबडे झाले आणि हाताशी आलेले पीक गेले. पुढे तो राज्याच्या शेती कॉलेजात शिकायला गेला. तिथे त्याने पाहिले की सगळ्या गव्हांवर तांबेरा आहे, पण यारोस्लाव नावाच्या एमर गव्हावर जवळजवळ नाही. एमर म्हणजे आपली खपली. दाण्याला तूस घट्ट चिकटलेले, कांडल्याशिवाय सुटत नाही, म्हणून आपल्याकडे तिला खपली म्हणतात. तिकडे ती जनावरांना घालत. मॅकफॅडनच्या मनात आले की ही खपली आणि भाकरी-पावाचा मार्क्विस गहू यांचा संकर केला तर?

शहाण्या माणसांच्या मते हे होणारे काम नव्हते. का, ते कपाशीवाल्यांना चटकन कळेल. आपल्या देशी कपाशीच्या पेशीत गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात, अमेरिकन कपाशीत २६. म्हणून या दोघींचा संकर जमता जमत नाही, जमलाच तर झाड वांझ निघते. गव्हाचे तसेच. खपली आणि बन्सी यांच्यात १४ जोड्या, पावाच्या गव्हात २१. हे आकडे १९१८ साली जपानमध्ये साकामुरा यांनी बरोबर मोजले. त्यांच्याकडचे संकराचे बियाणे हितोशी किहारा नावाच्या तरुण विद्यार्थ्याने हाती घेतले आणि तो त्यावर आयुष्यभर बसला. गव्हाची ही कुळे किती, कोणते कुळ कोणाकडून आले, हे जगाला त्याने दाखवले. पण मॅकफॅडनने चिमटा हाती घेतला तेव्हा, १९१५-१६ च्या सुमारास, हे काहीच माहीत नव्हते. माहीत असते तर कदाचित त्याने तो उद्योग केला नसता. अज्ञानाचेही काही फायदे असतात, ते प्राध्यापकांना सांगू नयेत.

संकराचे अगदी थोडे दाणे मिळाले. बरीचशी झाडे वांझ. जी राहिली ती त्याने सोडली नाहीत. कॉलेज संपले, नोकरी झाली, तरी पाकिटे त्याच्याबरोबर होती. वेबस्टरच्या आपल्या शेतावर तो वर्षानुवर्षे पेरत आणि निवडत राहिला. पिकवलेला गहू विकून त्याचा प्रयोग चालत होता. १९२० च्या दशकात त्याने वाण बाहेर काढले. नाव ठेवले 'होप', म्हणजे आशा.

होप हा शेतकऱ्याच्या दृष्टीने फारसा चांगला गहू नव्हता. दाणा बारीक, उत्पन्न बेताचे. आपल्याकडे बाजारात असा वाण आला असता तर एका हंगामात त्याचे नाव पुसले गेले असते. पण होपमध्ये खपलीची एक गोष्ट उतरली होती. तांबेरा येई, पण हळू येई, आणि दाणा भरेपर्यंत झाड उभे राही. त्या गुणाच्या जनुकाला पुढे 'एसआर-२' असे नाव मिळाले. होपचा संकर पैदासकारांनी दुसऱ्या चांगल्या गव्हांशी केला, त्यांच्या संततीतून ते जनुक मेक्सिकोत बोरलॉग यांच्या याकी-५० या गव्हात गेले आणि तिथून जगभर पसरले. मेक्सिकोच्या गव्हाचे रक्त असलेला गहू तुमच्या विहिरीखाली उभा असेल तर त्यात त्या साउथ डकोटाच्या पोराचे हे जनुक असण्याची शक्यता चांगली आहे. शंभर वर्षे होत आली, एसआर-२ अजून पूर्णपणे मोडलेले नाही. एकट्याने ते फार मोठी साथ अडवू शकत नाही, पण दुसऱ्या जनुकांच्या जोडीला असले की टिकून राहते.

तांबेरा इतका चिवट का? याचे उत्तर एका विद्यार्थिनीने शोधले. कॅनडातील मार्गारेट न्यूटन मॅक्डोनल्ड कॉलेजात शेती शिकत होती. शेतीच्या पदवीला मुलींनी जाणे तेव्हा तिकडेही विचित्र समजत. तिथून ही पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या दोन मुलींपैकी ती एक. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडात काळ्या तांबेऱ्याने जो हाहाकार केला, त्यात सुमारे ३० कोटी बुशेल गहू बुडाला असे सांगतात. आपल्या मापाने आठ कोटी क्विंटल. त्यानंतर प्राध्यापकाने जमवलेले तांबेऱ्याचे नमुने ती सांभाळत होती. एकाच मार्क्विस गव्हाच्या रोपांवर वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने ती टाकी. तिच्या लक्षात आले की सगळे नमुने सारखे वागत नाहीत. एक रोप मारतो, दुसरा नुसता ठिपका पाडून थांबतो. म्हणजे तांबेरा हा एक शत्रू नव्हे, दिसायला सारख्या अनेक टोळ्या आहेत. मिनेसोटात प्राध्यापक स्टॅकमन याच निष्कर्षाला पोचत होते. ती त्यांच्याकडे गेली आणि १९२२ साली पीएच.डी. झाली. शेतीविज्ञानात ही पदवी घेणारी ती पहिली कॅनेडियन स्त्री.

मग या टोळ्या ओळखायच्या कशा? स्टॅकमन यांनी बारा गव्हांची एक पाखरणी बनवली. नमुना आणला की बाराही रोपांवर टाकायचा. कोणत्या रोपावर काय होते, त्यावरून टोळीला क्रमांक द्यायचा. त्या बारा जणांत शेवटचे नाव कोणते होते माहीत आहे? खपली. हेच नाव, रोमन अक्षरांत. आपल्या मुलखातून गेलेला दाणा, आपल्या बायकांच्या तोंडचे नाव, मिनेसोटाच्या काचघरात आणि जगभरच्या तांबेऱ्याच्या कागदपत्रांत. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी त्याच खपलीचा स्टाइनवेडेल गव्हाशी संकर करून 'खपस्टाइन' बनवला. नाव ऐकून हसू येते, पण त्या गव्हातून जी तांबेरारोधक जनुके नोंदली गेली, त्यांतले एक आजही कामाचे आहे. त्याकडे पुढे येतो.

न्यूटन बाईंचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. विनिपेगच्या तांबेरा प्रयोगशाळेत त्यांनी वीस वर्षे काम केले. तांबेऱ्याची भुकटी रोज श्वासात जाऊन त्यांची छाती कामातून गेली आणि १९४५ साली त्यांना लवकर निवृत्त व्हावे लागले. तेव्हा त्यांना पूर्ण पेन्शन द्या, अशी मागणी पश्चिम कॅनडाच्या गहू उत्पादकांनी सरकारकडे केली. या बाईने देशाचे कोट्यवधी डॉलर वाचवले आहेत, हे त्यांचे म्हणणे. शेतकऱ्यांनी शास्त्रज्ञाच्या पेन्शनसाठी सरकारशी भांडावे, हे आपल्याकडे अजून व्हायचे आहे. तसे भांडावेसे वाटेल असे काम आपल्या दारापर्यंत आले पाहिजे, हीही त्यातली दुसरी बाजू.

स्टॅकमन यांचा आणखी एक विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग. नाव सगळ्यांना माहीत आहे, नोबेलही माहीत आहे. त्याच्या पीएच.डी.चा विषय काय होता? गहू नव्हे. जवस. आपल्या विदर्भात पेरतो तोच. जवसावर मर रोग आणणाऱ्या बुरशीवर त्याने १९४२ साली प्रबंध लिहिला. त्या प्रबंधाने किती जवस वाचले मला ठाऊक नाही, पण रोगाची बुरशी कशी रंग बदलते हे ज्याने एका पिकात हाताने पाहिले, तो दुसऱ्या पिकात फसत नाही. १९४४ साली तो मेक्सिकोला गेला. तिथे त्याने दहा वर्षांचे काम पाच वर्षांत बसवायची युक्ती काढली. हिवाळ्यात उत्तरेकडे सोनोराच्या सखल भागात पेरायचे, निघालेला दाणा लगेच दक्षिणेला टोलुकाच्या अडीच हजार मीटर उंचीवर न्यायचा आणि उन्हाळ्यात दुसरे पीक घ्यायचे. वरिष्ठांचा विरोध होता. काढलेल्या बियाण्याला पेरणीपूर्वी विश्रांती लागते, असे पुस्तकात लिहिले होते. पुस्तक चूक निघाले. शिवाय दोन टोकांच्या हवेत निवडलेला गहू दिवस लहान असो वा मोठा, कुठेही येऊ लागला. तो भारतातही आला तो यामुळेच. आज हीच घाई वेगळ्या मार्गाने करतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातील मंडळींनी काचघरात रोज बावीस तास उजेड देऊन गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत घेऊन दाखवल्या. २०१८ साली ते काम प्रसिद्ध झाले. दुसरी एक युक्ती तर गमतीची आहे. गव्हाच्या फुलावर मक्याचा पराग टाकतात. गर्भ धरतो, पण मक्याची गुणसूत्रे काही दिवसांत गळून जातात आणि गव्हाचाच अर्धा हिस्सा उरतो. तो औषधाने दुप्पट केला की एका झटक्यात स्थिर ओळ तयार. सहा पिढ्यांची वाट पाहायला नको. म्हणजे विद्यार्थ्याची दोन वर्षे आता पूर्वीइतकी तोकडी राहिलेली नाहीत.

पण तांबेराही थांबलेला नाही. १९९८ साली युगांडात गव्हाच्या खोडावर तो दिसला आणि सगळे हादरले, कारण ज्या गव्हांवर तो वाढत होता त्यांत एसआर-३१ होते. हे जनुक राय नावाच्या धान्यातून गव्हात आणलेले होते आणि इतके चांगले चालले की जगातल्या पैदासकारांनी त्याच्यावरच भार टाकला. आपल्या पंजाबातला पीबीडब्ल्यू-३४३ हाही त्याच्याच भरवशावर उभा. नव्या टोळीला 'युजी-९९' नाव पडले. ती केनिया, इथिओपिया, सुदान, येमेन करत २००७ पर्यंत इराणात पोचल्याचे जाहीर झाले. एका जनुकाच्या खुंटीला सगळी जनावरे बांधली की एका रात्रीत दावण सुटते, हे कपाशीवाल्याला कोणी शिकवायला नको. २००२ साली बीटी आली, २००६ साली दोन जनुकांची आली आणि २०१७ साली विदर्भात बोंड फोडले तर आत गुलाबी अळी. गव्हाच्या तांबेऱ्याने हाच धडा पन्नास वर्षे आधी, १९५३ आणि १९५४ साली अमेरिकेत गिरवला होता. धडा छापलेला होता, वाचायला कोणी बसले नाही.

युजी-९९ नंतर जगातल्या गव्हाच्या पेढ्यांत जुनी पाकिटे पुन्हा शोधली गेली. कोणकोणते जुने जनुक अजून टिकते, हे केनियात न्योरो येथे हजारो ओळी पेरून पाहतात. त्यात तरुण मुले-मुली देशोदेशीहून येतात आणि दिवसभर ओंब्यांवरचे ठिपके मोजतात. टिकणाऱ्यांत एक निघाले एसआर-१३. हे तेच, खपस्टाइनमधून नोंदलेले, आपल्या खपलीचे. २०१७ साली कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातील संशोधकांनी ते नेमके कोणते जनुक आहे हे शोधून काढले. तेही अमर नाही. इथिओपियात त्यालाही वाट काढणाऱ्या टोळ्या सापडल्या आहेत. पण दुसऱ्यांच्या जोडीला ते चालते. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, गव्हाची सगळी जनुकमालिका प्रसिद्ध झाली. माणसाच्या पाचपट लांब, लाखाहून जास्त जनुके. ज्वारीची २००९ सालीच वाचून झाली होती. ती लहान, दहाच जोड्यांची. म्हणजे कागदावर ज्वारी गव्हाच्या पुढे होती. शिवारात काय झाले ते तुम्हीच सांगा.

ज्वारीचा विषय निघालाच आहे तर एक सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात रामेश्वर सिंग आणि त्यांचे प्राध्यापक अॅक्सटेल यांनी जगभरातून जमवलेले ज्वारीचे नऊ हजारांवर नमुने तपासले. प्रथिनात लायसिन जास्त असलेली ज्वारी त्यांना हवी होती. दोनच नमुने मिळाले, दोन्ही इथिओपियाचे. १९७३ साली ते जाहीर झाले, मोठा गाजावाजा झाला. नंतर कळले ते असे की तिथले शेतकरी या ज्वारीची कणसे आपल्या रानात मुद्दाम मिसळून लावत आणि दुधात असताना भाजून खात. आपल्या हुरड्यासारखी. एकीचे नाव त्यांच्या भाषेत 'तोंडातले दूध' अशा अर्थाचे, दुसरीच्या नावात मध. शास्त्राने नऊ हजार पाकिटे फोडून जे शोधले, ते तिथल्या म्हातारीने नावातच सांगून ठेवले होते. ती ज्वारी पुढे पसरली नाही, कारण दाणा सुरकुतलेला आणि वजनाला हलका. पण त्याच पर्ड्यूत त्याच प्राध्यापकाच्या हाताखाली इथिओपियाचा गेबिसा एजेटा शिकला. गवती झोपडीत जन्मलेला मुलगा. त्याने सुदानच्या कोरड्या रानासाठी संकरित ज्वारी काढली, ती १९८३ साली शेतकऱ्यांना मिळाली. पुढे टारफुल्याला दाद न देणारी ज्वारीही त्याने काढली. टारफुला म्हणजे काय हे ज्यांच्या रानात तो आहे त्यांना विचारा. २००९ साली त्याला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या घरातली पोरे शेती कॉलेजात जातात, आणि पुष्कळ जातात. पदवी हातात आली की स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बसतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्या धंद्यात बाप बुडाला त्या धंद्याच्या शास्त्रात आयुष्य घाल, असे पोराला कोणत्या तोंडाने सांगायचे? जी थोडी पोरे एम.एस्सी., पीएच.डी.ला राहतात, त्यांच्या प्रबंधाचे विषय मार्गदर्शकाच्या सोयीने, प्लॉटच्या सोयीने आणि पाण्याच्या सोयीने ठरतात. विद्यापीठाच्या फार्मवर विहीर असते. तिथे निवडलेली ज्वारी विहिरीची ज्वारी होते. आपल्या मुरमाड रानात सप्टेंबरनंतर पाऊस आलाच नाही तर कोणते झाड उभे राहते, हे तिथे कसे कळावे? बोरलॉगने गहू दोन टोकांना पेरला तेव्हा तो सगळीकडे आला. एकाच सोयीच्या जागी पेरला असता तर त्या जागेपुरता राहिला असता.

म्हणून विद्यापीठांकडे मागायचे ते अनुदान नव्हे. पहिले म्हणजे कोरडवाहू पिकाच्या पैदाशीवर जो विद्यार्थी काम करील, त्याचा निदान एक प्लॉट कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानात असावा. पाणी न देता, फवारा न वाढवता. गुंठा दोन गुंठे द्यायला आपल्यातले लोक तयार होतील. पीक बुडाले तर तेही प्रबंधात लिहावे. बुडालेल्या पिकाची नोंद नसते म्हणून तेच वाण पुन्हा पुन्हा पुढे येते. दुसरे म्हणजे पदवी झाली तरी पाकिटे मरता कामा नयेत. कोणी कोणता संकर केला, कोणत्या पिढीपर्यंत आणला, बियाणे कोणत्या कपाटात आहे, याची यादी विद्यापीठाने छापावी आणि पुढच्या विद्यार्थ्याने तिथून उचलावे. मॅकफॅडनने आपली पाकिटे घरच्या शेतात सांभाळली म्हणून जगाला एसआर-२ मिळाले. प्रत्येकाचे शेत आणि प्रत्येकाची जिद्द तशी नसते. ते काम संस्थेचे आहे. तिसरे, निकाल मराठीत, दोन पानांत, ज्याच्या रानात प्रयोग झाला त्याच्या हातात.

आणि आपली बाजू? विद्यार्थी प्रश्नावली घेऊन येतो तेव्हा आपण त्याला चहा पाजतो आणि मनाला येईल ते उत्तर देऊन वाटेला लावतो. एकरी उत्पन्न किती? लिहा, सहा क्विंटल. त्या सहा क्विंटलवर पुढे तक्ते होतात, तक्त्यांवर धोरण होते आणि मग आपणच म्हणतो की शास्त्रज्ञांना काही कळत नाही. जे आहे ते सांगावे. दीड असेल तर दीड.

कायदा या बाबतीत आपल्या आड येत नाही, हेही माहीत असावे. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या रानातले बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, बदलून घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. नोंदणी झालेल्या वाणाचे बियाणे त्या वाणाच्या नावाने पिशवीत भरून विकता येत नाही, इतकेच. आपल्याकडच्या जुन्या वाणाची नोंदणी शेतकऱ्याला स्वतःच्या नावे करता येते. कलम ३० प्रमाणे नोंदणी झालेले वाणही संशोधनासाठी वापरायला मोकळीक आहे. म्हणजे तुमच्या कणगीतली मूठभर ज्वारी विद्यार्थ्याला देताना तुमचा हक्क जात नाही, मात्र देताना कोणी, कोणत्या गावाची, कोणत्या नावाची दिली हे पाकिटावर लिहून घ्यावे आणि त्याची एक चिठ्ठी आपल्याजवळ ठेवावी. रब्बीची मालदांडी ३५-१ ही मोहोळच्या केंद्रावर गावरान मालदांडीतूनच निवडली गेली. ज्या रानांतून ती आली त्या शेतकऱ्यांची नावे आज कोणाला सांगता येत नाहीत. खपलीचेही तसेच. अमेरिकेत दाणा पोचला, नाव पोचले, पण तो पिकवणारा हात कोणाचा होता, हे कोणत्याही वहीत नाही.

येत्या जिल्हा बैठकीत या विषयाला जेवणानंतर अर्धा तास ठेवला आहे. शेती विद्यापीठात शिकणारी आपली मुले-मुली घरी असतील त्यांनी त्यांना बरोबर आणावे. बोलायला लाजली तरी ऐकायला बसतील. ज्यांच्या घरी अजून जुनी ज्वारी, देशी कपाशीची सरकी किंवा ओलीवरचा बन्सी आहे, त्यांनी ओंजळभर कापडात बांधून आणावा. कापडावर गावाचे, आपले आणि बियाण्याचे नाव शाईने लिहावे. पेन्सिलीने लिहिलेले पुसले जाते.